माशाने न शिवलेली काठी

गळाची काठी बनवून घ्यायला येणारा माणूस चप्पल काढायच्या आधीच खोटं बोलायला लागतो. "तात्यासाहेब, परवा रामगंगेवर एक महसीर सुटला माझा, एवढा होता," असं म्हणून तो हात पसरतो, ते असे की जिन्याखालच्या माझ्या खोलीत मला उभं राहायला जागा उरत नाही. माझी काही तक्रार नसते. मी माशाची लांबी अर्धी धरतो, वजन पाव धरतो आणि त्यावर काठी बेततो. माप चुकल्याचं अजून तरी कुणी सांगितलेलं नाही.

म्हणूनच विक्रांत आला, माशाबद्दल अवाक्षर न काढता स्टुलावर बसला आणि "एक काठी पाहिजे होती," म्हणाला, तेव्हाच मी कान टवकारले.

तेव्हा दिल्लीच्या द्वारकेला बरेच लोक पप्पनकलाँच म्हणत. मेट्रो नव्हती, पाण्याचा टँकर होता, आणि बिल्डिंगा रिकाम्या मैदानात अशा उभ्या होत्या की जणू कुणीतरी बसमधून उतरवून पत्ता न सांगता निघून गेलंय. आमची सोसायटी म्हणजे सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समधले मराठी कारकून आणि कॅन्टोन्मेंटमधले काही निवृत्त फौजी. मी कॅन्टोन्मेंटच्या वर्कशॉपमध्ये दुर्बिणी दुरुस्त करण्यात जन्म घालवला आणि निवृत्तीनंतर गळाच्या काठ्या करायला लागलो. साहेबलोकांना परदेशी माल परवडायला लागला होता, पण परदेशी काठीला आपला मासा झेपत नव्हता. एका कर्नलसाहेबांना मी अशी हलकी काठी करून दिली होती की टोकावर माशी बसली तर मुठीत कळायचं, आणि ती माशी नर की मादी हेसुद्धा. माझी बायको कुमुदिनी हे वाक्य ऐकलं की चहाचा कप जरा जोरात ठेवते.

तर विक्रांत. आमच्याच सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. पुण्याचा, गुडगावच्या एका परदेशी कंपनीत मोठा साहेब, गळ्यात ओळखपत्र, कमरेला मोबाइल. आई राहायला आलीय म्हणायचा, पण तिला खाली कुणी पाहिलेलं नव्हतं.

"कुठे जाता मासेमारीला?" मी विचारलं.

"नाही, म्हणजे... असंच. तात्यासाहेब, एक रिक्वायरमेंट आहे. आवाज बिल्कुल नको. करकर नाही, खडखड नाही."

"माशाला कान असतात थोडे," मी म्हटलं. "पण एवढे नसतात."

तो हसला नाही. "अच्छा, आणि लोखंड नको. कुठेच नको. स्टीलसुद्धा नको. तांबं चालेल, पितळ चालेल."

"बरं."

"दोरा नायलॉनचा नको. सुतीही नको. रेशमी पाहिजे. मुठीला चामडं नको, चिकटवायला सरस नको. आणि ही काठी..." त्यानं माझ्या टेबलाकडे पाहिलं. टेबलावर कुणा ब्रिगेडियरची जुनी काठी पडली होती, माशाच्या खवल्यांसकट. तो स्टूल मागे सरकवून बसला. "या काठीला मासा कधी लागलेला नसला पाहिजे. या टेबलालाही नको. मी घरून धुतलेलं कापड आणून देतो, त्यावर करा."

आता तुम्ही सांगा. गळाची काठी, आणि तिला मासा नको.

"उचलायचं काय आहे?" मी विचारलं. "वजन कळल्याशिवाय टोक ठरत नाही."

विक्रांतनं दाराबाहेर पाहिलं. मग हळूच म्हणाला, "हलकं. रुपयाच्या नाण्याएवढं. पण नाजूक. दाबलं गेलं तर खराब होतं. आणि सगळ्यात इम्पॉर्टंट म्हणजे, उचलल्यावर खाली पडता कामा नये. एकदा जमिनीला लागलं की बाद."

"बाद म्हणजे?"

"बाद म्हणजे बाद, तात्यासाहेब."

दिल्लीत त्या काळी एक जात होती चोरांची. खिडकीच्या गजातून लांब काठी आत घालायची, खुंटीवरची पॅन्ट पाकिटासकट बाहेर ओढायची. झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून काठी मुकी पाहिजे. इथवर माझा हिशेब जुळला. पण लोखंड का नको? त्या वर्षी उन्हाळ्यात पोखरणला स्फोट झाले होते, आणि दिल्लीत ज्याच्या त्याच्या दारात मेटल डिटेक्टरची चौकट उभी राहिली होती. तांबं त्या चौकटीत वाजत नाही, असं मला वाटायचं. (वाजतं. ते पुढे कळलं.) आणि माशाचा वास नको, म्हणजे पोलिसांच्या कुत्र्याला माग लागायला नको.

नाही म्हणायला पाहिजे होतं. पण तुम्ही कारागीर असता तर तुम्हीही नाही म्हणाला नसतात. तिथे बसून मी वर्षानुवर्षं तीच ती महसीरची काठी करत होतो, आणि इथे एक माणूस जगात कुणी न केलेली काठी मागत होता.

मी त्याच्यासमोर तीन नमुने ठेवले. एक आसामचा बांबू, भरीव, स्वभावानं प्रेमळ, पण सांधा जुना झाला की कुरकुरणारा. एक फायबरग्लासचा, जो कितीही वाकवा, तुटत नाही, पण टोकावर काय चाललंय हे मुठीपर्यंत पोचेस्तोवर दुपार होते. आणि एक कार्बनचा, सिंगापूरहून एका विमान कंपनीतल्या ओळखीच्या बाईंनी आणलेला. काळा, पोकळ, हातात घेतला तर आपण काही घेतलंय यावर विश्वास बसत नाही.

विक्रांत तिन्ही नमुन्यांना हात न लावता वाकून बघत राहिला. "विचारून येतो," म्हणाला आणि जिना चढून गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "बांबू चालणार नाही. कार्बन कशापासून करतात?"

"कोळसाच तो. भट्टीत तापवतात, सगळं जळून जातं, उरतो तो कार्बन."

पुन्हा वर गेला. पुन्हा आला. "कार्बन चालेल. बिल्कुल चालेल."

एवढा मोठा साहेब, हाताखाली दोनशे माणसं असतील, आणि प्रत्येक गोष्ट कुणाला तरी विचारून येतो! याच्या मागे कोण आहे, हा प्रश्न तिथेच माझ्या मनात घुसला. जाताजाता दारात थांबून त्यानं आणखी एक विचारलं.

"तात्यासाहेब, तुम्ही काम अंघोळ करून करता की त्याआधी?"

मी संध्याकाळी कुमुदिनीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिच्या हातातली मेथी तशीच राहिली.

"रेशीम, तांबं, लोखंड नको, जमिनीला लागायला नको," ती म्हणाली. "अहो, हे करणीचं सामान आहे."

"कसली करणी? एम.बी.ए. झालेला माणूस आहे."

"मग तर नक्कीच. प्रमोशन पाहिजे असेल. तुम्ही नाही म्हणून सांगा."

"चोर आहे तो, कुमुदिनी. करणीवाला कशाला कार्बन घेईल?"

"चोर असेल तर पोलीस तुम्हाला आधी धरतील. काठी तुमची."

हे मात्र मला आवडलं नाही, कारण खरं होतं.

काठी मी केलीच. आधी कणा काढला. प्रत्येक काठीला एक कणा असतो. टेबलावर टेकवून, मधोमध दाबून बोटांनी फिरवली की एका जागी ती टुणकन उडी मारून स्थिर होते. दोरा ओवायच्या कड्या त्या रेषेत लावायच्या, नाहीतर काठी भार घेताना मनगटात पिरगळते. कड्या तांब्याच्या केल्या, जुन्या मोटरच्या वाइंडिंगमधली तार खरवडून. मी डावखुरा, त्यामुळे माझ्या कडीचे वेढे जगाच्या उलटे जातात. रेशीम करोल बागेतून आणलं, गडद हिरवं. वर रेझिनचा चिकट लेप चढवून काठी रात्रभर हळूहळू फिरत ठेवावी लागते, नाहीतर रेझिन एका बाजूला ओघळून गोठतं. त्यासाठी माझ्याकडे मोटर आहे, एका मिठाईवाल्याच्या शोकेसमध्ये गणपती गोल फिरवायची, तीच. टोकाला रेशमी दोऱ्याचा फास ठेवला. दोरा कड्यांमधून मुठीपर्यंत. रीळ नाही. मुठीजवळ हलकेच ओढलं की टोकाचा फास आवळतो. नाण्याएवढं वजन असं धरेल की त्या वस्तूला कळणारही नाही तिला कुणी धरलंय. तीन तुकडे, सांधे पितळेचे, मेण लावलेले. मुके.

विक्रांत काठी घ्यायला आला तो अंघोळ करून, ओल्या केसांनी, आणि काठी त्यानं हातात घेतलीच नाही. कापडासकट उचलून नेली.

सोसायटीचा सेक्रेटरी होता गुलाबराव. निवृत्त सुभेदार, फलटणकडचा, मिशी दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत टोकदार. तळमजल्यावर राहायचा आणि आपल्या खिडकीखालच्या चार हात मातीत त्यानं जास्वंद लावली होती. "पुण्याहून मागवलीय," असं आल्यागेल्याला सांगायचा. डबल पाकळीची, रक्तासारखी लाल. झाडापुढे त्यानं हिंदीत पाटी लावली होती, 'फूल तोड़ना मना है', आणि खाली आपला हुद्दा. बाकी त्याच्या मनात एकच इच्छा होती, माझी जिन्याखालची खोली रिकामी करून तिथे जनरेटर बसवायचा. "रेझिनच्या वासानं डोकं दुखतं मेंबरांचं," म्हणायचा. ती खोली गेली की माझं टेबल कुठे जाणार? वर आमच्या दोन खोल्यांत बारा फुटांची काठी फिरवायची म्हणजे एक टोक स्वयंपाकघरात आणि दुसरं शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात.

काठी देऊन थोडे दिवस झाले आणि गुलाबरावानं मीटिंग बोलावली. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या.

"ध्यान से सुनिए," तो उभा राहून म्हणाला, मग आठवण होऊन मराठीत आला. "माझ्या हद्दीतून रोज पहाटे एक वस्तू चोरीला जाते. काय, ते मी सांगणार नाही. किमती आहे. बाजारात विकत मिळत नाही. काय गेलं हे ज्याला माहीत असेल, तोच चोर."

"तुम्हाला माहीत आहे की भाऊजी," कुमुदिनी म्हणाली.

लोक हसले. गुलाबराव हसला नाही. "वहिनी, ही मस्करी नाही. मी रात्री माती ओली करून फणीनं सारखी करतो. सकाळी पाऊल नसतं. मांजराचंसुद्धा नसतं. माल मात्र गेलेला. याचा अर्थ समजतो? चोर जमिनीवरून येत नाही."

मी नकळत दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं.

"आणि आज मला हे मिळालं," त्यानं खिशातून काहीतरी काढून चिमटीत वर धरलं. उन्हात लालसर चमकलं. तांब्याची कडी. "ही ज्या वस्तूची आहे, तिचा मालक आणि ती बनवणारा, दोघांनाही मी सोडणार नाही. पुढच्या रविवारी मीटिंग. जिन्याखालच्या खोलीचाही निकाल त्याच दिवशी." हे म्हणताना तो माझ्याकडे पाहत होता, पण मी पाण्याच्या टाकीकडे पाहत होतो.

घरी आल्यावर कुमुदिनीनं दार लावलं.

"ती कडी तुमची."

"जगात तांब्याच्या कड्या करणारा मी एकटाच आहे का?"

"डावीकडे वेढे घेणारे तुम्ही एकटेच." ती बसली. "सोनं असेल हो. रोज एकेक दागिना नेत असेल. गुलाबरावांची बायको गेल्यापासून डबा तसाच आहे म्हणतात."

"खिडकीतून दागिना? जाळी आहे."

"म्हणूनच तर नाजूक टोक मागितलं त्यानं!"

रविवार तोंडावर होता. त्याआधी विक्रांत काय उचलतो ते कळलं नाही, तर खोली जाणार आणि खोलीबरोबर माझं नावही. मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. त्यानं दार साखळी लावून उघडलं.

"आई पूजेत आहे," तो म्हणाला.

"काठीची एक कडी सैल असेल, बघून जातो."

मी फटीतून आत पाहिलं. समोरच्या भिंतीवर, उंच खुंटीला, कापडात गुंडाळलेली माझी काठी. मी साखळीवरून हात आत घातला, नुसतं बोट दाखवायला.

"हात लावू नका!" तो एवढ्या जोरात ओरडला की खालच्या मजल्यावर कुत्रं भुंकलं. मग ओशाळून म्हणाला, "सॉरी. मीसुद्धा लावत नाही."

बोटांचे ठसे. मी जिना उतरलो. हा माणूस काठीला हात लावत नाही, मग काठी चालवतो कोण?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरमागे जाऊन बसलो. हवा गार होती. टँकरवाला अजून यायचा होता. गुलाबरावाची खिडकी बंद, माती फणी फिरवून सारखी केलेली, जास्वंद स्तब्ध. झाड जरा जास्तच दाट वाटलं, पण त्या उजेडात मला सगळंच जास्त वाटत होतं.

मग दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून काठी बाहेर आली.

काय सांगू तुम्हाला! आवाज नाही. एक काळी रेघ आकाशात सरकली, तिरकी खाली आली, टोक वाकलं ते असं की पाण्यावर बगळा मान घालतो. तो कणा मी काढलेला. त्या क्षणी मी चोरी, पोलीस, खोली, सगळं विसरून तिच्याकडे बघत राहिलो. टोक खिडकीकडे गेलंच नाही. जास्वंदीवर गेलं. एका टपोऱ्या फुलाभोवती फिरलं, फास अलगद देठावर बसला, आवळला, आणि काठी वर उठायला लागली.

फूल वर उठलं. फुलाखाली फांदी उठली. फांदीखाली हिरवी टोपी उठली. टोपीखाली गुलाबरावाचं टक्कल उघडं पडलं.

सुभेदार रात्रीपासून झाडात उभा होता. फौजेत शिकवतात तसं, टोपीत पानंफांद्या खोचून. आणि खोचताना एका फांदीला फूल होतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. बागेत त्याच्याएवढं चांगलं फूल दुसरं नव्हतं, म्हणून तेच धरलं गेलं.

टोपी वर निघाली. नाण्याएवढ्या वजनाला केलेली काठी, फौजी टोपी घेऊन चंद्रकोरीसारखी वाकली, पण तुटली नाही. हे मी त्यानंतर जितक्यांदा सांगितलं तितक्यांदा लोक हसले आहेत, पण यातलं टोपीचं वजन मी वाढवलेलं नाही.

"थांब!" गुलाबराव झाडातून उसळला आणि उडी मारून टोपी धरली.

वरून कडक आवाज आला. "कोण आहे रे तिकडे? ओढू नका! जमिनीला लागू देऊ नका!"

बाल्कनीत एक म्हातारी बाई उभी होती. ओले केस, रेशमी सोवळ्याचं नऊवारी, दोन्ही हातांत माझी काठी. ही विक्रांतची आई, कुसुमावतीबाई.

"मी सेक्रेटरी आहे!" गुलाबराव खालून गर्जला.

"असाल. अंघोळ झालीय का?"

गुलाबराव थबकला. "...नाही."

"मग सोडा."

आणि सांगायची गोष्ट म्हणजे, सुभेदारानं सोडलं. दोन लढायांत जे सोडलं नव्हतं ते सोडलं. हात मागे घेतला, पाऊलसुद्धा मागे घेतलं.

"शिवलंत ना, गेलं ते फूल," कुसुमावतीबाई म्हणाल्या आणि फास सैल केला. टोपी गुलाबरावाच्या पायाशी पडली. "मुलाला पाठवलं होतं मी तुमच्याकडे. रीतसर विचारायला. रोज एक लाल फूल द्या, गणपतीला. तुम्ही पाटी दाखवलीत. दिल्लीच्या बाजारात झेंडू मिळतो, गुलाब मिळतो. जास्वंद कुणी विकतं का? लिफ्ट बंद, गुडघे गेलेले, खाली कशी येऊ? आणि खाली येऊन तोडलं तरी वर नेईस्तोवर शंभर जणांचा धक्का. देवाचं फूल ते."

"पण म्हणून चोरी?"

"देवासाठी होतं," बाई म्हणाल्या, जणू त्यानं प्रश्नच चुकीचा विचारला होता.

त्यांच्यामागे विक्रांत आला होता, बनियनवर, गळ्यात ओळखपत्र नाही. मान खाली. रेशीम का, तांबं का, लोखंड आणि मासा का नको, सगळं माझ्या डोक्यात एकदम उलगडलं. बाईंना सोवळ्यात चालेल अशी काठी हवी होती आणि गुडगावच्या कंपनीतल्या साहेबाला ते सांगायची लाज वाटत होती. बांबू नको, कारण तिरडीचा. कार्बन चालला, कारण अग्नीतून निघालेला.

मला हसू आलं, आणि तेच अंगाशी आलं. गुलाबराव वळला. मी स्कूटरमागून अर्धा बाहेर आलो होतो.

"हां!" तो म्हणाला. "कारागीर पण हजर. तात्यासाहेब, काठी तुमची ना? कडी तुमची ना? बाई म्हाताऱ्या आहेत, त्यांना मी काय बोलणार. पण तुम्ही! सोसायटीच्या जागेत बसून चोरीची हत्यारं बनवता. रविवारी खोलीला कुलूप. जनरेटर त्याच आठवड्यात."

आता माझ्यापुढे सांगण्यासारखं खरं काहीच नव्हतं. काठी माझी होती, कडी माझी होती, झाड त्याचं होतं. म्हणून मी झाडाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, काहीतरी सुचावं म्हणून.

"गुलाबराव," मी म्हटलं, "ही डबल पाकळीची जात मी एकाच ठिकाणी पाहिलीय."

"पुण्याहून मागवलीय."

"असेल. मी मागे कॅन्टोन्मेंटमधल्या त्या मोठ्या बंगल्यावर काठी द्यायला गेलो होतो. साहेबांच्या बाईसाहेब फार नाराज होत्या. म्हणाल्या, आमच्या जास्वंदीची फांदी कुणीतरी कापून नेली. बिचाऱ्या माळ्यावर आळ आला."

यातला एक शब्द खरा नव्हता. मी कुठल्या बंगल्यावर गेलो नव्हतो, बाईसाहेब नव्हत्या, माळी तर मी बोलताबोलता जन्माला घातला.

गुलाबरावाचे ताठ खांदे जरा उतरले. मासा आमिषापाशी येतो तेव्हा दोरा असाच क्षणभर सैल पडतो. अशा वेळी ओढायचं नसतं. टँकरचा हॉर्न लांबून ऐकू आला.

मग तो पुढे आला आणि वरच्या बाल्कनीत ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "त्यांना नाव कळलं का?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. आयुष्यभर मी एवढं खोटं बोललो, पण माझं खोटं असं समोर उभं राहून माझ्याशी बोलायला लागलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "अजून तरी नाही."

"माळ्याला काढला नाही ना?"

"ते माझ्यावर सोपवा."

रविवारी मीटिंग झाली. गुलाबरावानं जाहीर केलं की चोरी माकडांनी केली होती, बंदोबस्त झाला आहे. तांब्याच्या कडीचं काय, असं एकानं विचारलं, तर म्हणाला, "टँकरची असेल." जिन्याखालच्या खोलीचा विषय कुणी काढला नाही. कुमुदिनीनं सगळ्यांना चहा दिला आणि गुलाबरावाला दोनदा साखर विचारली. पाटी तशीच राहिली, पण सकाळी कधी लवकर बाहेर पडलो तर गुलाबराव आपल्या झाडाजवळ ओल्या डोक्यानं उभा दिसायचा, आणि वरून काठी उतरली की एक फांदी जरा पुढे वाकवून धरायचा.

माझ्या मनातून मात्र शंका गेली नाही. माळ्याबद्दल त्यानं एवढ्या काळजीनं का विचारलं? मी ज्याला हवेतून काढला, तो खरंच कुठे नोकरीला तर नव्हता?

थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी गुलाबराव जिन्याखाली आला. स्टुलावर बसला. ब्रिगेडियरच्या काठीवरचे खवले बघितले, मोटर बघितली, छत बघितलं.

"एक काठी पाहिजे," तो म्हणाला. "वरच्या बाईंच्यापेक्षा लांब. बंगल्याची भिंत आहे मध्ये."

"लोखंड चालेल?"

"कायपण चालेल. काळी पाहिजे. आणि आवाज नको."

मी टेबलावर कापड पसरलं, मोजपट्टी काढली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "मासा कुठला?"

गुलाबरावानं मिशी कुरवाळली. मग दाराकडे बघून म्हणाला, "पिवळा."